छातीतली पाकट

अक्षराची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन्सिल आली ती हिशेबापुरती, आणि तीसुद्धा ओल्या हातात. त्यामुळे माझी अक्षरं ओळीवर सरळ बसत नाहीत, टोपलीतल्या कोलंबीसारखी वाकडी होऊन पडतात. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. वाडीतल्या पोरांनी यंदा दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढायचं ठरवलं आणि आमच्या सुनेने परस्पर माझं नाव सांगून टाकलं. मी नाही म्हटलं. चार माणसांनी आपलं लिहिलेलं वाचायचं म्हणजे मला लाज वाटते. पण नाही म्हणून झाल्यावर मन स्वस्थ बसेना. म्हणून दुपारची जेवणं आटोपली की माझ्यापुरतं लिहिते आहे.

मी रत्नागिरीत मासळी विकते. बाजारात माझी जागा आहे, ती आधी सासूची होती. बाहेरच्यांना वाटतं मासेवाली म्हणजे तोंडाची तिखट. माझं तसं नाही. मला ओरडता येत नाही. भाव विचारला तर सांगते, नाही विचारला तर मासळीवर पाणी शिंपडत बसते. सासू म्हणायची, "गिऱ्हाईक काय तुझ्या तोंडाकडे बघून उमजणार हाय काय बांगडा कितीला?" पण काही गिऱ्हाइकांना गप्प बाईच बरी वाटते. निवृत्त शिक्षिका सावंतबाई त्यातल्याच. त्या पेनाच्या टोपणाने माशाचा कल्ला उघडून आतला लाल रंग बघायच्या, डोळा बघायच्या, पोट दाबून बघायच्या, आणि एक शब्द न बोलता पैसे द्यायच्या. आमचं दोघींचं छान जमायचं.

माझ्या डाव्या हाताला जुबेदाभाभी बसते. तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो. सकाळी बंदरावर लाँचींवरच्या मासळीचा लिलाव झाला की आम्ही दोघी मिळून एक टोपली घ्यायचो, अर्धी-अर्धी वाटून बर्फ घालायचो, रिक्षात शेजारी बसून बाजारात यायचो आणि मासळी मांडायच्या पाटामागे बसलो की भांडायला सुरुवात. कारण रोजचंच. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक ती ओरडून आपल्याकडे ओढायची. मी तोंड फुगवून बसायची. दुपारी तिच्या डब्यातलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण मात्र खायची.

बाजाराचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही. ज्या बाईचा पाट कोरडा पडला तिची जागा मोकळी झाली असं समजतात. दोन-चार दिवस कुणी काही बोलत नाही. पण पाटाचं लाकूड वाळून पांढरं दिसायला लागलं की मागच्या रांगेतली बाई हळूच आपली टोपली पुढे सरकवते. त्यात कुणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. सासूला ही जागा अशीच मिळाली होती.

दुखणं सुरू झालं ते छातीत, गळ्याच्या खड्ड्याच्या जरा खाली, जिथे आडवं हाड मधल्या हाडाला येऊन मिळतं तिथे. टोपली डोक्यावर चढवताना कळ यायची. मग विळीवर सुरमई कापताना यायला लागली. सुरमईचा मणका तोडायला खांद्यातून जोर लागतो. मोठी सुरमई आली की मी जुबेदाभाभीकडे सरकवायची. ती कापून द्यायची आणि म्हणायची, "कापायची मजुरी कोण देणार, तुझा घो?"

माझा नवरा लाँचीवर तांडेल आहे, म्हणजे लाँच तेच चालवतात. त्यांना वाटलं काळजाचं दुखणं. काळजाचा कागद काढला, तो चांगला निघाला. गंमत म्हणजे हे दुखणं काम केलं की थोडं कमी व्हायचं आणि निजलं की वाढायचं. सकाळी उठताना मान, खांदे लाकडासारखे. लोक आजारी पडले की झोपतात. मी झोपले की आजारी पडायची. मग त्या हाडावर गाठ दिसायला लागली. गरम लागायची. पदर वर ओढून घेऊन बसायला लागले.

एका डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हाड आतून खाल्ल्यासारखं दिसतंय आणि वरून जाड झालंय, जंतू झाले असतील. जंतूंच्या गोळ्या दिल्या. फरक नाही. मग दुसऱ्यांनी हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो तुकडा जाऊन येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कॅन्सर हा शब्द ह्यांनी एकदाही उच्चारला नाही, पण लाँचीवरून आले की दारातूनच माझ्याकडे बघायचे. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. जंतूही सापडले नाहीत. नुसती सूज आहे म्हणाले. पण आपल्याकडे हाडाचा क्षय पुष्कळ असतो, कधी कधी तो तपासात सापडत नाही, म्हणून क्षयाची औषधं सुरू केली. लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली. बांगड्याचं तिखलं केलं तरी ते भुशासारखं लागायचं. गाठ होती तिथेच.

त्या डॉक्टरांना मी कधी बोल लावला नाही. ते वाईट नव्हते. दर वेळी गाठीवर हलक्या हाताने बोट ठेवून म्हणायचे, "मावशी, मलाही हे पटत नाहीये." स्वतःला पटत नाही हे तोंडावर सांगणारा माणूस मला खरा वाटतो.

आता हातांबद्दल लिहायला हवं. माझ्या तळहातांवर फोड यायचे, बारीक, पिवळ्या पाण्याचे. ते वाळून तपकिरी व्हायचे, कातडी सोलायची, पुन्हा नवे यायचे. मासळीच्या धंद्यात हाताचं दुखणं हे दुखणं धरतच नाहीत. शिंगाळा माशाचा काटा लागतो तेव्हा हात कोपरापर्यंत सुजतो. कोलंबी सोलून बोटांची सालं निघतात. बर्फ असतो, मीठ असतं. आमच्यातल्या कुठल्याही बाईचा हात उघडून बघा, काही ना काही असणारच. त्यामुळे मला कुठल्याही डॉक्टरांनी विचारलं की आणखी काही त्रास आहे का, तर मी नाही म्हणायची. खोटं बोलायचं म्हणून नाही. मला खरंच वाटायचं की नाही.

गिऱ्हाइकांना मात्र दिसायचं. एका बाईने सुटे पैसे माझ्या हातातून घेतले नाहीत, पाटावर ठेवायला सांगितले. दुसरीने नुसतं नाक मुरडलं. सावंतबाई सरळ माणूस. एक दिवस त्या पेन पर्समध्ये परत ठेवत म्हणाल्या, "सुलू, तुझे हात बरे झाले की मी येईन. राग मानू नकोस. घरात लहान नात आहे."

राग नाही आला. पण त्या दिवशी माझ्यापुढचे बांगड्यांचे वाटे तसेच पडून राहिले. मी हातमोजे घालून बघितले. ओल्या मासळीवर हातमोजा घसरतो, विळीवर बोट जायचं. आत घाम साचून फोड वाढले. मग दुखणंही वाढलं, डावा हात वर होईना. मी घरी बसले.

पहिले काही दिवस मला फक्त पाट दिसायचा. डोळे मिटले की वाळलेलं लाकूड. जागा गेली तर दुसरं काय करणार? मला दुसरं काही येत नाही. दारोदार मासळी विकायला आवाज लागतो आणि डोक्यावर टोपली लागते. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. शेवटी सुनेला बघायला पाठवलं. ती हसतच परत आली. म्हणाली, "आई, तुमचा पाट ओला आहे. भाभी रोज सकाळी आपल्या आधी तुमच्या पाटावर पाणी मारते. मागच्या रांगेतल्या बाईने विचारलं तर म्हणाली, सुलू आताच चहाला गेली हाय."

"इतके दिवस चहाला?"

"तेच त्या बाईने विचारलं. तर भाभी म्हणते, चहा गरम हाय, तिला फुंकून प्यायची सवय हाय."

मी पदर तोंडाला लावून हसले आणि मग रडले. हसताना छाती दुखायची, म्हणून दोन्ही एकदम झालं.

कोल्हापूरहून सांध्यांच्या आजाराच्या एक डॉक्टरबाई महिन्यातून एकदा रत्नागिरीत येतात. त्या हाडाच्या डॉक्टरांनीच, ज्यांना स्वतःचं पटत नव्हतं, त्यांच्याकडे चिठ्ठी दिली. हे समुद्रावर होते, म्हणून जुबेदाभाभी माझ्याबरोबर आली. बाजार बुडवून आली. वाटेत म्हणाली, "डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जातेस काय गो?" आणि सोड्यांची पुडी माझ्या हातात कोंबली. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. आमच्यात चांगल्या माणसाकडे जाताना तीच भेट.

डॉक्टरबाई तरुण होत्या. फोटो, रिपोर्ट सगळं नीट बघितलं. गाठ बघितली. पाठ दुखते का, सकाळी अंग आखडतं का, सगळं विचारलं. मग विचारलं, "अंगावर कुठे पुरळ, फोड, कातडीचा काही त्रास?"

"नाय," मी म्हटलं. हात पदराखाली होते, सवयीने.

त्यांनी आणखी काही तपासण्या लिहून दिल्या. आम्ही उठलो. मी सोड्यांची पुडी दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी पुडी घेतलीच नाही. माझी मनगटं धरली आणि तळवे उजेडाकडे वळवले.

"मावशी, हे काय आहे?"

"मासळीचा काटा लागतो. बर्फ, मीठ..."

"कधीपासून?"

"धंदाच तो हाय," भाभी मधे म्हणाली. "माझे बघा." तिने आपले हात पुढे केले. तिचे हात खरखरीत होते, चिरलेले होते, पण फोड नव्हते. तोपर्यंत मी दोघींचे हात असे शेजारी ठेवून कधी बघितलेच नव्हते.

"चपला काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी काढल्या. तळपायालाही तेच होतं. टाचेच्या आतल्या बाजूला पिवळे ठिपके, सोललेली कातडी.

"काय मावशी, मासळी पायाने पण विकता का?"

भाभी इतकी मोठ्याने हसली की बाहेर नंबर लावणारी बाई आत डोकावली. मला लाजेने कुठे बघावं कळेना. डॉक्टरबाई मात्र खुर्चीत बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो बघायला लागल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा लिलावात हवी ती टोपली दिसल्यावर माझा होत असेल.

त्यांनी मला कोल्हापूरला हाडांच्या एका वेगळ्या तपासणीला पाठवलं. शिरेत औषध टोचतात, ते हाडांमध्ये जिथे जिथे सूज असेल तिथे जाऊन बसतं, आणि मग यंत्राखाली निजवून फोटो काढतात. पुढच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी तो फोटो आम्हाला दाखवला. सगळा सांगाडा पुसट, आणि छातीवर तेवढा काळा ठसा. "हे बघा," त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजूंची हाडं शिंगांसारखी आणि मधलं हाड तोंडासारखं. आम्ही ह्याला बैलाचं डोकं म्हणतो. असं दिसलं की आजार ओळखता येतो."

मी बघितलं. मला बैल दिसेना. रुंद पंख पसरलेली, मधे चपटी... भाभीकडे बघितलं. तिलाही तेच दिसलं होतं.

"ही तर पाकट," भाभी म्हणाली.

पाकट म्हणजे चपटा मासा, पाण्यात पंख हलवत जातो, शेपटीला विषारी काटा असतो. डॉक्टरबाईंनी फोटो आडवा धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "आता मलाही पाकटच दिसायला लागली."

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सॅफो. मला समजलं ते असं. अंगात जंतू शिरू नयेत म्हणून शरीराची राखण असते. ह्या आजारात ती राखणच बिथरते आणि जंतू नसतानाही स्वतःच्या हाडावर धावून जाते. म्हणून हाड सुजतं, जाड होतं. तळहात-तळपायाचे फोड हे त्याच आजाराचं दुसरं टोक, त्यातही जंतू नसतात. त्यामुळे जंतू मारणाऱ्या औषधांनी काहीच झालं नव्हतं. आणि हे कुणाला लागत नाही. गिऱ्हाइकाला नाही, मासळीला नाही. मी हे तीनदा विचारलं. डॉक्टरबाईंनी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "फार कमी लोकांना होतो हा आजार. म्हणून सापडायला उशीर झाला."

ह्यांना हे इतकं भावलं की बंदरावर सगळ्यांना सांगत सुटले. "साधासुधा नाय, रत्नागिरीत हिलाच झालाय!" जणू मी बोटीची शर्यत जिंकून आले होते.

उपचारात सगळ्यात कठीण काय गेलं ते सांगते. मशेरी सोडणं. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड मी लहानपणापासून सकाळी दातांना लावायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, तंबाखूने हे फोड भडकतात. आणि हाडांच्या औषधाची बाटली शिरेतून लावायच्या आधी दात तपासून घ्यायलाच हवेत, नाहीतर जबड्याला त्रास होऊ शकतो. दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, यात दात शोधायला बॅटरी लागेल." दोन दात काढले, बाकीचे घासले. तिथून आले तेव्हा सुनेला माझे पांढरे झालेले दात बघून हसू आवरेना. मशेरीऐवजी लवंग तोंडात ठेवायची. पहिल्या महिन्यात मी घरात सगळ्यांवर चिडत होते. मला ओरडता येतं हे घरच्यांना तेव्हा कळलं.

बाटली लावली त्या रात्री ताप भरला, अंग मोडून आलं. तसं होईल हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. आठवडाभराने सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने लक्षात आलं, दुखत नव्हतं. म्हणजे होतं, पण लांबून कुणी हाक मारावी तितकंच. पुढे आणखी बाटल्या झाल्या. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, असं डॉक्टरबाईंनी मला, सुनेला आणि भाभीलाही बजावलं. मी सोमवार धरला. सोमवारी पुष्कळ लोक मासळी खात नाहीत, बाजार मंद असतो, त्या गोळीने मळमळलं तरी चालतं. अधूनमधून रक्त तपासायचं. आजार मुळापासून जात नाही. अजूनही कधी कधी पाकट जागी होते, पंख हलवते. मग डॉक्टरबाई औषध वरखाली करतात.

ह्या सगळ्याला पैसा लागला. घरात होतं ते गेलं, तेव्हा आम्हा बाजारातल्या बायकांच्या भिशीचा नंबर जुबेदाभाभीचा होता. तिला घरावर नवे पत्रे घालायचे होते. तिने ते पैसे तसेच फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवले. मी नको म्हटलं. म्हणाली, "पत्रे काय पळून जातायत? तू गेलीस तर बाजूला कोण कटकटी बाई येऊन बसेल, तिच्याशी मी भांडत बसू काय?" त्या पावसाळ्यात तिच्या घरात तीन ठिकाणी पातेली लावलेली होती. मला कुणी सांगितलं नाही. मी ईदला गेले तेव्हा बघितली.

हात पूर्ण भरून यायला वेळ लागला. पावसाळ्यातली बंदी उठून मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर मी बाजारात बसले. आधी फक्त हलकी मासळी, तारली, बांगडे. सुरमई नाही. पहिले काही दिवस लोक लांबूनच बघत. मी तळवे वर करून पाटावर ठेवून बसायची, जसं काही मेंदी वाळवते आहे. एक दिवस सावंतबाई आल्या. माझे दोन्ही तळवे बघितले, उलटेही बघितले, अगदी कल्ले बघावेत तसे. मग पर्समधून पेन काढून बांगड्याकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. आम्हाला दोघींना तेच बरं वाटतं.

विक्री झाली की रोज थोडे पैसे मी भाभीला द्यायची. ती मोजायची नाही, कनवटीला लावायची. कधी म्हणायची, आज राहू दे, तुझी गोळी आणायची असेल. मी तरीही द्यायची.

परवा शेवटचे दिले. सकाळचीच वेळ होती, नुकतीच आम्ही एका टोपलीतले बांगडे अर्धे-अर्धे करून मांडले होते.

"भाभी, हे घे. झाले सगळे."

"सगळे?"

"सगळे."

"बरा झाला," ती म्हणाली आणि पैसे कनवटीला लावले. लगेच बांगड्यांवर पाणी शिंपडायला लागली. मला उगीच जरा चुकल्यासारखं झालं. इतक्या मोठ्या गोष्टीचं एवढंच?

तेवढ्यात सावंतबाई समोरून आल्या, नेहमीसारख्या माझ्याकडे. त्या वाकणार इतक्यात भाभी उठून उभी राहिली आणि एसटी स्टँडपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ बाई! तिकडे कुठं चाललात? तिचे बांगडे कालचे हायत! ताजे हिकडे हायत, हिकडे!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. एकाच टोपलीतले बांगडे! आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी बाजारात परत बसल्यापासून, जोवर मी तिचं देणं लागत होते तोवर, ह्या बाईने माझं एकही गिऱ्हाईक ओढलं नव्हतं.

सावंतबाईंनी तिच्याकडचा कल्ला उघडला, मग माझ्याकडचा, आणि त्या दिवशी बांगडे तिच्याकडून घेतले.

मी तोंड फुगवून बसले. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, आज एवढी खुशीत कशी? मी म्हटलं, भाभीचे पैसे पुरते फिटले.